आंघोळ वाढवण्याआधी पंचा कुठे वाळतो ते पाहा

आदरणीय ताई,

मी चोवीस वर्षांची आहे. सत्तरी तालुक्यात वाळपईजवळच्या एका गावात राहते आणि मार्च महिन्यापासून पणजीला पाटो भागातल्या एका कार्यालयात नोकरी करते. सकाळी साडेसहाची बस गाठावी लागते, आणि घरात सात माणसांना मिळून एकच न्हाणीघर असल्यामुळे माझ्या वाट्याला पाच-सहा मिनिटे येतात. पाऊस सुरू झाल्यावर एके सकाळी कुणीतरी माझ्या टेबलावर डिओडरंटची बाटली ठेवली होती. सोबत चिठ्ठी नव्हती, पण अर्थ कळला. त्या दिवसापासून मी सकाळी, घरी आल्यावर आणि झोपण्यापूर्वी अशी तीन वेळा कढत पाण्याने आंघोळ करते, पाण्यात जंतुनाशक द्रव घालते आणि साबणही जंतुनाशकच वापरते. मासे खाणे सोडले आहे. तरीही दुपारपर्यंत कुर्त्याला वास येतोच, आणि आता हातापायांना खाज सुटून पांढरे पापुद्रे निघू लागले आहेत. आई म्हणते तुरटी लाव, मावशी म्हणते लिंबू चोळ. बसमध्ये जागा रिकामी असली तरी मी उभीच राहते. माझे नेमके काय चुकते आहे?

एक वाचक, सत्तरी

प्रिय वाचक,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा बसमधल्या त्या रिकाम्या जागेपाशी थांबले. दीड-दोन तासांचा प्रवास उभ्याने करावा इतका हा संकोच वाढला आहे, म्हणून उपायांकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट लिहिते: तुम्ही अस्वच्छ नाही. दिवसातून तीनदा अंगावर पाणी घेणाऱ्या मुलीला आणखी आंघोळ करायला सांगणे म्हणजे तुडुंब भरलेल्या विहिरीत घागर ओतणे आहे. धुण्यात तुम्ही कुठेच कमी पडलेल्या नाही. उणीव आहे ती धुतल्यानंतर कोरडे होण्यात, आणि आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात कोरडे होणे हे आंघोळीपेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

घामाला स्वतःचा असा वास जवळपास नसतो, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. आपल्या त्वचेत घामाच्या ग्रंथी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. सर्वांगावर पसरलेल्या ग्रंथींतून येणारा घाम म्हणजे बहुतांशी पाणी आणि थोडे मीठ. शरीर थंड ठेवणे हे त्याचे काम. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी काखेत, जांघेत आणि अशाच मोजक्या जागी असतात, वयात येताना त्या कामाला लागतात आणि त्यांच्यातून प्रथिने व स्निग्धांश असलेला दाटसर स्राव येतो. त्वचेवर कायम वस्तीला असलेले जिवाणू हा स्राव खातात, आणि त्यातून जी आम्ले व गंधकयुक्त संयुगे तयार होतात त्यांचा वास आपल्याला येतो. म्हणजेच स्राव, जिवाणू आणि ओल या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की वास निर्माण होतो. स्राव पूर्णपणे थांबवता येत नाही. जिवाणू कायमचे घालवता येत नाहीत आणि घालवूही नयेत, कारण त्यांतले बरेचसे त्वचेचे रखवालदार आहेत. आपल्या हातात खरी उरते ती ओल.

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या तुमच्या सत्तरीत तो किनाऱ्यापेक्षा जास्तच. या दिवसांत हवेत इतके बाष्प असते की अंगावरचा घाम उडून जात नाही, तो काखेत आणि कपड्याच्या घडीत तसाच राहतो. मे महिन्यात आपल्याला घाम अधिक येतो हे खरे, पण अंगणातल्या दोरीवर कपडे तासाभरात कडक वाळतात आणि पंचा रोज उन्हात तापतो. जूनमध्ये हे सगळे एकदम थांबते. मार्च, एप्रिल आणि मे हे तीन महिने तुम्ही त्याच कार्यालयात, त्याच बसने, तशीच आंघोळ करून जात होता आणि कुणाची तक्रार नव्हती. तक्रार आली ती पावसाबरोबर. तुमच्या पत्रातली ही नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटली.

आता आजपासून काय बंद करायचे ते सांगते. कढत पाणी बंद, पाण्यात जंतुनाशक द्रव घालणे बंद आणि तिसरी आंघोळही बंद. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५.५ असतो, तर नेहमीचा साबण अल्कधर्मी, त्याचा सामू ९ ते १० असतो. दिवसातून एकदा साबण लावला तर काही तासांत त्वचा आपले आम्लपण परत मिळवते. तीनदा लावला, त्यात कढत पाण्याने अंगावरचे नैसर्गिक तेल उतरवले आणि वर जंतुनाशकाचा मारा केला, तर तिला सावरायला उसंतच मिळत नाही. तुमच्या हातापायांवरचे पांढरे पापुद्रे आणि खाज बहुधा याचाच परिणाम आहे. शिवाय पावले सोडली तर हातापायांना मुळात फारसा वास येत नसतो. ज्या भागाचा काही दोष नव्हता तो तुम्ही सोलून काढला आहे, एवढेच.

जंतुनाशक साबणाचा भरवसा धरणाऱ्या सर्वच वाचकांसाठी येथे एक माहिती द्यावीशी वाटते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बन यांच्यासह १९ घटकांपैकी कोणताही घटक असलेले जंतुनाशक साबण बाजारातून काढण्याचा निर्णय घेतला, कारण रोजच्या वापरात ते साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस असल्याचे उत्पादकांना दाखवता आले नव्हते. साबण निवडताना जाहिरातीपेक्षा वेष्टनावरच्या बारीक अक्षरांकडे पाहावे. तिथे ‘टीएफएम’ म्हणून एक टक्केवारी दिलेली असते, ती साबणातल्या स्निग्ध द्रव्याचे प्रमाण सांगते. भारतीय मानकांनुसार पहिल्या श्रेणीच्या साबणात ते किमान ७६ टक्के, दुसऱ्या श्रेणीत ७० आणि तिसऱ्या श्रेणीत ६० टक्के असावे लागते. ‘बेदिंग बार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वडीत ते ४० टक्क्यांपर्यंत खाली असू शकते. साधा, मंद वासाचा, पहिल्या श्रेणीचा साबण तुम्हाला पुरे आहे. कोरड्या त्वचेसाठी डॉक्टर कधीकधी साबणविरहित वडी सुचवतात, तिला मात्र ही टक्केवारी लागू पडत नाही. ती मुळातच वेगळ्या द्रव्यांपासून बनवतात आणि तिचा सामू त्वचेच्या जवळचा असतो.

तुमचा दिवस पाहता मुख्य आंघोळ संध्याकाळी, घरी परतल्यावर करावी असे मी सुचवेन. दिवसभराचा घाम, बसमधली धूळ आणि रस्त्यावरचे चिखलपाणी रात्रभर अंगावर आणि अंथरुणात ठेवण्यात अर्थ नाही, आणि संध्याकाळी न्हाणीघरासाठी रांगही नसते. सकाळची आंघोळ छोटी असू द्या. आपल्या घरांत सकाळी अंग धुतल्याशिवाय देवाजवळ किंवा चुलीपाशी जाता येत नाही, तो नेम यात मोडत नाही आणि पाच मिनिटांत काम होते. दोन्ही वेळी पाणी इतकेच कोमट असावे की कोपर बुडवल्यावर ते गरम आहे की नाही असा क्षणभर प्रश्न पडावा. माडाची चुडते आणि नारळाची सोडणे जाळून तापवलेल्या तांब्याच्या भाणातले पाणी फार चटकन कढत होते, म्हणून बादलीत आधी थंड पाणी घ्या आणि त्यावर गरम ओता.

एका आंघोळीला एक बादली, म्हणजे पंधरा ते वीस लिटर पाणी भरपूर झाले. शहरात शॉवरखाली उभे राहणाऱ्यांचे मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज जाते, त्यांनी निदान साबण लावताना तरी तो बंद ठेवावा. तुमच्या पाच मिनिटांपैकी साबणाची वेळ ठरावीक जागांसाठीच राखून ठेवा: काखा, जांघा, स्तनांखालची घडी, बेंबी, कानांमागचा भाग आणि पायांच्या बोटांमधल्या जागा. काखेत साबणाचा फेस हाताने नीट लावून अर्धा मिनिट तसाच राहू द्या, तोवर पायांकडे वळा, आणि मग दोन तांबे पाणी थेट काखेत ओतून फेस पूर्ण घालवा. घडीच्या जागी राहून गेलेला साबण खाजेला कारण होतो. हात, पाय, पाठ आणि पोट यांना तुमची त्वचा पूर्ववत होईपर्यंत नुसते पाणी पुरेल. घासण्यासाठी प्लॅस्टिकची जाळी किंवा घोसाळ्याचा वाळका काथ्या वापरत असाल तर पावसाळ्यापुरता तो बाजूला ठेवा. ओलसर न्हाणीघरात लटकलेली जाळी म्हणजे जिवाणूंचे बिऱ्हाडच असते, आणि हाताचा तळवा हे काम तितकेच चांगले करतो. केस धुण्याच्या दिवशी आधी केस आणि मग अंग, म्हणजे शाम्पूचा निथळ पाठीवर राहत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुम्ही अंग कशाने पुसता, ते पत्रात लिहिलेले नाही, पण सात माणसांच्या घरात, न्हाणीघराच्या दारामागच्या खुंटीवर एक जाड टर्किश टॉवेल लटकत असावा असा माझा अंदाज आहे. पावसाळ्यात असा टॉवेल दोन दिवसांतही आतून वाळत नाही. हाताला तो गार लागतो, नाकाला कुबट लागतो, आणि त्यानेच आपण स्वच्छ धुतलेली काख पुसतो. जुन्या घरांतला पातळ सुती पंचा आपण उगाच मागे टाकला. तो कमी पाण्यात धुतला जातो, पंख्याखाली चार-पाच तासांत वाळतो आणि अंगही चांगले टिपतो. तुमच्यासाठी असे चार पंचे घ्या; सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा, आणि उरलेले दोन धुण्यात. ते कुणाशीही वाटून घेऊ नका आणि न्हाणीघरात वाळत घालू नका. पडवीत वळचणीच्या आतल्या बाजूने, जिथे वारा लागतो पण झड येत नाही, तिथे पूर्ण पसरून घाला. घडी घालून टाकलेला पंचा मधोमध ओलाच राहतो.

पुसण्याचीही एक रीत आहे. हात आणि पाय नुसते टिपून घ्या आणि ते किंचित दमट असतानाच त्यांवर खोबरेल तेलाचे चार थेंब किंवा साधे बिनवासाचे मॉइश्चरायझर चोळा. त्वचेत मुरलेले पाणी त्यामुळे टिकते आणि तुमचे पापुद्रे आठ-दहा दिवसांत कमी होतील. नरकचतुर्दशीला पायाखाली कारीट फोडून, तेल लावून, उटण्याने न्हाण्याची आपली रीत कोरड्या त्वचेच्या दृष्टीने अतिशय शहाणपणाची आहे; तेलाने मळ सुटतो आणि उटणे जास्तीचे तेल उचलते, साबणाची गरजच उरत नाही. मात्र घडीच्या जागांना हा नियम उलटा लागू होतो. तिथे तेल नको, क्रीम नको आणि दमटपणा तर नकोच. काखा, जांघा, स्तनांखालचा भाग आणि बोटांच्या बेचक्या पंच्याच्या कोरड्या टोकाने पुन्हा एकदा टिपा आणि कपडे चढवण्याआधी दोन-तीन मिनिटे पंख्याखाली उभ्या राहा. ही दोन-तीन मिनिटे सकाळच्या घाईत तुम्हाला परवडणार नाहीत असे वाटेल. पण ती न्हाणीघरातली नाहीत, खोलीतली आहेत. तेवढ्या वेळात डबा भरता येतो, केस विंचरता येतात.

केसांचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, तरी विचारते: सकाळी न्हाऊन, ओल्या केसांचा आंबाडा घालून बस पकडता का? तसे असेल तर ती सवय मोडा. बांधलेले ओले केस पावसाळ्यात संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत, टाळूला कुबट वास येतो आणि कोंडा वाढतो. आठवड्यातून दोनदा, सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी लवकर केस धुवावेत आणि मोकळे सोडून वाळवावेत. कोंडा असेल तर तेल लावून रात्रभर ठेवू नये, कारण कोंड्याला कारण होणारी बुरशी तेलातल्या स्निग्ध आम्लांवरच पोसते. अशा वेळी दोन टक्के कीटोकोनॅझोल असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, टाळूवर तीन ते पाच मिनिटे ठेवून धुतला तर उपयोग होतो.

इतके केल्यावरही दुपारी कुर्त्याला वास आला, तर मग कुर्त्याचीच चौकशी केली पाहिजे. तुमचे वाक्य ‘कुर्त्याला वास येतो’ असेच आहे, आणि मला ते शब्दशः खरे वाटते. पॉलिएस्टरच्या किंवा मिश्र धाग्याच्या कपड्यात अंगाचे तेल धरून राहते, नुसत्या धुण्याने ते सहज सुटत नाही. कपडा कोरडा असताना वास जाणवत नाही. अंगाच्या उबेने आणि घामाने तो भिजला की तासाभरात पुन्हा येतो. त्यात पावसाळ्यात कपडा दोन-दोन दिवस दोरीवर ओला राहिला तर जिवाणूंची नवी पैदास कपड्यातच होते. म्हणून घरी आल्याबरोबर कुर्ता उलटा करा, काखेच्या जागी साबण लावून हाताने चोळा आणि त्याच रात्री धुऊन टाका; साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवण्याची पद्धत या हवेत बरी नाही. सुती कपड्यांना आठवड्यातून एकदा चांगले गरम पाणी मिळावे. ज्या कपड्यांचा वास मुरलेला आहे ते शेवटच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवावेत. रात्री पंख्याखाली, एकमेकांना चिकटणार नाहीत असे वाळत घाला आणि सकाळी काखेच्या जागेवरून इस्त्री फिरवा. चुलीवरच्या दांडीवर कपडे लवकर वाळतात हे मान्य, पण त्यांना धुराचा वास लागतो आणि बंद कार्यालयात तो वेगळाच उमटतो. अंतर्वस्त्रे सुती असावीत आणि ती दिवसातून दोनदा बदलावीत. जाड जीन्स या चार महिन्यांपुरती कपाटात राहू द्या.

वाळपई, साखळी, माशेल, जुने गोवे असा मजल दरमजल करत येणाऱ्या बसच्या खिडक्या पावसात बंद असतात, हे मी जाणते. घरातून कितीही स्वच्छ निघालेली व्यक्ती पणजीच्या बसस्थानकावर उतरेपर्यंत घामाने भिजलेली असते. म्हणून पिशवीत एक कोरडा सुती कुर्ता, एक पातळ रुमाल आणि एक रिकामी प्लॅस्टिकची पिशवी ठेवा. कार्यालयात पोचल्यावर ओल्या रुमालाने काखा पुसा, कोरड्या टोकाने टिपा, कुर्ता बदला आणि उतरवलेला पिशवीत बांधून ठेवा. तुम्ही सांगितलेल्या सर्व प्रयत्नांपेक्षा या एका गोष्टीने सर्वांत अधिक फरक पडेल असे मला वाटते.

आई आणि मावशी यांच्यातल्या वादात मी आईच्या बाजूने आहे. तुरटी हा ॲल्युमिनियमचाच क्षार आहे. ती त्वचा आकसून घेते आणि जिवाणूंची वाढ रोखते. रात्री झोपताना धुऊन कोरड्या केलेल्या काखेवर तुरटीचा ओला केलेला खडा हलकेच फिरवायला हरकत नाही, फक्त केस काढले असतील त्या दिवशी टाळा. बाजारात मिळणाऱ्या बाटल्यांतही फरक असतो. डिओडरंट वास झाकते आणि जिवाणूंना थोडा अटकाव करते, तर अँटिपर्स्पिरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नलिकांच्या तोंडाशी तात्पुरते बूच तयार करून घामच कमी करतात. ते सकाळी ओल्या काखेवर फवारण्यापेक्षा रात्री कोरड्या काखेवर लावले तर जास्त उपयोगी पडते, कारण झोपेत घाम कमी असतो. त्यामुळे कर्करोग होतो अशी भीती अनेक जणी पत्रांतून कळवतात. तसा संबंध सिद्ध झालेला नाही. लिंबू मात्र अजिबात चोळू नका. त्याच्या आम्लाने काख झोंबते, आणि लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर भाजल्यासारखे चट्टे उठून काळे डाग महिनोन्महिने राहतात. खाण्याचा सोडाही नको. टाल्कम पावडर घामात भिजून घडीत लगद्यासारखी बसते, तिचाही उपयोग नाही.

मासे सोडलेत, याचे मला वाईट वाटले. अंगाला माशाचा वास येणे ही एक अत्यंत विरळ चयापचयाची विकृती असते, तिच्यात आयुष्यभर माशासारखा वास येत राहतो, पावसाळ्यापुरता नाही. लसूण, कांदा आणि मद्य यांचा परिणाम काही जणांच्या घामावर आणि श्वासावर होतो, तोही थोडा वेळ. श्रावण पाळायचा असेल तर जरूर पाळा, पण या कारणासाठी माशाचे हुमण वर्ज्य करण्याची गरज नाही. मासळी साफ केल्यावर हातांना राहणारा वास साबणाने जात नसेल तर कोकमाच्या सोलांच्या पाण्याने हात धुवा. तो वास अल्कधर्मी द्रव्याचा असतो आणि आंबट पाण्याने तो मरतो.

पायांकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. बंद बूट आणि ओले मोजे घालून आठ तास बसल्यास बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तळव्याला बारीक खड्डे पडतात आणि बूट काढताच दुर्गंध सुटतो. माशेलला देवकीकृष्णाच्या मंदिरासमोर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी लोक चिखलकाल्यात मनसोक्त लोळतात. मग न्हाऊन, कोरडे कपडे घालून घरी जातात आणि त्यांच्या त्वचेला काही होत नाही. चिखलापेक्षा साचलेली ओल वाईट, ती अशी. प्रवासात रबरी किंवा उघडी पादत्राणे घाला, कार्यालयात पाय धुऊन, पुसून मगच बूट घाला, आणि बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरा. पायाला जखम किंवा चीर असताना साचलेल्या पाण्यातून चालणे टाळा. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस या जंतुजन्य तापाचे रुग्ण आढळतात आणि उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, जखमेवाटे तो जंतू शरीरात शिरतो.

मासिक पाळीच्या दिवसांसाठी दोनच गोष्टी सांगते. पॅड चार ते सहा तासांनी बदला, म्हणजे प्रवास धरून दिवसातून किमान एकदा कार्यालयात बदलावे लागेल. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवा. योनीचा आतला भाग स्वतःच स्वच्छ राहतो, तिथे साबण किंवा सुगंधी द्रव वापरल्यास तिथली आम्लता बिघडते आणि उलट संसर्ग होतो.

खाजेबद्दल एक सावधगिरीची सूचना देणे मला आवश्यक वाटते. हातापायांवरचे पापुद्रे कोरडेपणाचे असावेत असे मी वर म्हटले, पण जांघेत, कमरेवर किंवा काखेत गोल, कडेला उठलेला आणि मधे निवळ दिसणारा चट्टा असेल तर ती दाद, म्हणजे गजकर्ण आहे आणि ती बुरशीमुळे होते. अशा वेळी औषधाच्या दुकानातून कुणी सांगितलेले मलम आणू नका. अशा कित्येक मलमांत स्टिरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत खाज थांबते, आठ दिवसांनी दाद दुप्पट पसरते आणि मग योग्य औषधालाही दाद देत नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम बदलून स्टिरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावीत असे ठरवले ते याच कारणासाठी. उपचार काही आठवडे चालतो, चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर औषध चालू ठेवावे लागते, आणि घरात आणखी कुणाला दाद असेल तर त्यांचाही उपचार त्याच वेळी करावा लागतो. नाहीतर ती पंच्यांतून आणि कपड्यांतून घरातच फिरत राहते.

राहता राहिली ती बाटली. मी तुमच्या वयाची असताना एका शाळेत शिकवत होते आणि रोज भिजत, चालत जात होते. एके दिवशी शिक्षककक्षात कुणी नसताना एका वडीलधाऱ्या बाईंनी मला जवळ बोलावले, ‘पावसाचे कपडे वाळत नाहीत ना गो? एक कोरडे पातळ इथे माझ्या कपाटात ठेव,’ एवढेच म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली. त्या वाक्यात वासाचा उल्लेखही नव्हता. मला समजायचे ते समजले, आणि त्यानंतर कितीतरी पावसाळे त्या कपाटात माझे पातळ असे. तुमच्या टेबलावर बाटली ठेवणाऱ्या व्यक्तीला हे धैर्य झाले नाही. तिने केले ते चूक होते. तिचा शोध घेऊ नका आणि तिच्यावर रागही धरू नका, त्यात तुमचाच दिवस जाईल. कार्यालयात जिच्यावर तुमचा विश्वास असेल अशा एका मैत्रिणीला मात्र सरळ विचारा की पंधरा दिवसांनी मला खरे सांगशील का. आपले नाक आपल्या अंगाच्या वासाला सरावलेले असते, त्यामुळे स्वतःच पुन्हा पुन्हा हुंगून पाहण्यात काही कळत नाही, फक्त धास्ती वाढते.

पंधरा दिवस हे सगळे पाळूनही वास तसाच राहिला, कोरड्या हवेतही घामाने कपडे निथळत असतील, काखेत वारंवार दुखऱ्या गाठी येत असतील, किंवा रात्री घाम फुटून सोबत ताप येत असेल आणि वजन उतरत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे आणि पणजीहून तिथे जायला बस मिळते. जाताना अंगावर काही फवारू नका, तीन-चार दिवस कोणतेही मलम लावू नका आणि सध्या वापरत असलेला साबण व द्रव यांची वेष्टने सोबत न्या, म्हणजे त्यांना कारण लवकर सापडेल. आणि उद्या सकाळच्या बसमध्ये जागा मिळाली तर बसा.